सुईचा खाडा

उत्तर प्रदेशातल्या बदाऊन जिल्ह्यात २०२५च्या डिसेंबरात एका गावी तेराव्याचं जेवण झालं. पंगतीत रायतं होतं. ज्या म्हशीच्या दुधाचं ते होतं तिला कुत्रं चावलेलं होतं, आणि जेवणानंतर काही दिवसांतच ती मेली. बातमी फुटली तशी जवळपास दोनशे माणसं आरोग्य केंद्रावर लस घ्यायला धावली.

त्याच वर्षी, त्याच राज्यात, जूनमध्ये बुलंदशहर जिल्ह्यातला २२ वर्षांचा राज्यस्तरीय कबड्डीपटू रेबीजनं गेला. नाल्यात पडलेलं कुत्र्याचं पिलू त्यानं बाहेर काढलं होतं. त्या धडपडीत पिलाचा दात बोटाला लागला. एवढीशी जखम, तीही पिलाची. त्यानं लस घेतली नाही.

दूध पिऊन माणसाला रेबीज झाल्याचं अजून कुठं सिद्ध झालेलं नाही, आणि उकळलेल्या दुधात तर हा विषाणू टिकतच नाही. कच्चं दूध पिऊ नये, हे खरंच. पण दात लागला, रक्त आलं, तिथून मात्र विषाणू थेट आत शिरतो. पंगतीतल्या दोनशे जणांना मी नावं ठेवत नाही, भीती वाटली आणि ते गेले, बरंच केलं. राग येतो तो याचा की, रायत्याला जेवढी भीती मिळते तेवढी पिलाच्या दाताला मिळत नाही. आपल्याकडे रेबीजची भीती भरपूर आहे. ती चुकीच्या जागी खर्च होते.

आता आपल्या मुलखात या. बीड जिल्हा, गेवराई तालुका, त्वरिता देवीचं तलवाडा. इथं पारावर बसलेल्या कुणालाही विचारा, कुत्रं चावलं तर काय होतं? माणूस पिसाळतो, पाण्याला भितो, वाचत नाही, हे बहुतेक जण सांगतील. एवढं ज्ञान गावात आहे, पिढ्यानपिढ्या आहे. पुढचा प्रश्न विचारा, चावल्यावर पहिलं काम काय? इथं मात्र हळद निघते, चुना निघतो, तिखट निघतं, तंबाखू निघते. कुणी मंतरलेली भाकरी आणायला पाठवतं, कुणी गंडा बांधतं. साबणाचं नाव शेवटी येतं, नाहीतर येतच नाही.

आणि साबण हेच पहिलं औषध आहे. वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, पंधरा मिनिटं. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. रेबीजच्या विषाणूला चरबीचं आवरण असतं, साबण ते फोडतो. लाळेतून जखमेत आलेला बराचसा विषाणू तिथंच मरतो, वाहून जातो. यासाठी डॉक्टर लागत नाही, गाडी लागत नाही, पाच रुपयांची वडी लागते. तिखट आणि चुना काय करतात? जखम भाजतात, मांस उघडं पाडतात. शिवाय धुवायला गेलं तर लेकरू आणखी ओरडतं म्हणून धुणंही राहतं. जखमेत तिखट भरणारी आजी लेकराचं वाईट चिंतत नसते. तिला साबणाचं कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच. घरोघरी जाऊन हे सांगायचं काम ज्यांच्या पगारात आहे त्यांनी ते केलेलं नाही, हे मी स्पष्ट म्हणतो. आशाताईंच्या माथी आधीच इतक्या नोंदी आहेत की हे एक वाक्य त्यात हरवलं असेल, पण वरच्यांनी ते हरवू द्यायला नको होतं.

दुसरी अडचण पोटात आहे. चाळिशीच्या पुढच्या माणसाला विचारा, कुत्रं चावल्यावर किती सुया? तो हात पोटावर नेतो आणि म्हणतो, चौदा. त्याचं खोटं नाही. १९११मध्ये कसौलीला डेव्हिड सेम्पल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस बनवली आणि पुढं नव्वदेक वर्षं देशभर तीच चालली. आपल्या परळच्या हाफकिनमध्येही ती तयार होत असे. रोज एक, बेंबीच्या भोवती, दुखणारी, सुजणारी, आणि क्वचित एखाद्याला लसच बाधून अर्धांग होणारी. ती लस २००४च्या अखेरीस देशात बंद झाली. दोन दशकं उलटली. आता सुई दंडात बसते, लहान लेकराला मांडीत. कातडीत द्यायच्या पद्धतीत चार वेळा जायचं, स्नायूत द्यायच्या पद्धतीत पाच वेळा. सरकारी केंद्रात फुकट. पण चौदा सुयांची दहशत गावात अजून पुरी जिवंत आहे, आणि त्या दहशतीपायी नखाचा ओरखडा लपवणारी पोरं आहेत. शेजारच्या कुत्र्याला दगड मारला हे कळलं तर मार बसेल, आणि वर पोटात सुया टोचतील. पोरगं बोलतच नाही. आईला कळतं ते जखम वाळल्यावर.

गरोदर बाईनं लस घेऊ नये, अंगावर पाजणारीनं घेऊ नये, सुया चालू असताना वांगं खाऊ नये, मटण खाऊ नये, असंही सांगणारे भेटतात. यातलं एकही खरं नाही. गरोदर बाईला लस देता येते आणि दिलीच पाहिजे. पथ्य काही नाही.

घरचंच कुत्रं आहे, ओळखीचं आहे, पिसाळलेलं दिसत नाही, हे तर घराघरात ऐकू येतं. कुत्रं पिसाळलेलं दिसण्याच्या काही दिवस आधीच त्याच्या लाळेत विषाणू येतो. म्हणून दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवायला सांगतात. दहा दिवसांनी ते धडधाकट असलं तर चावलं तेव्हा त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, असा त्याचा अर्थ. मग डॉक्टर पुढच्या सुया थांबवू शकतात. पण गावात याचा उलटा अर्थ लावला गेलाय. दहा दिवस थांबायचं, कुत्रं मेलं तर जायचं. तसं नाही. पहिली सुई त्याच दिवशी, आणि नजर त्या सुईच्या सोबतीनं. भटक्या कुत्र्यावर तर नजर ठेवणारं कुणी नसतंच, तिथं सगळ्या सुया पुऱ्या करायच्या. मांजर, माकड, मुंगूस, कोल्हा, पिसाळलेली गाय-म्हैस, यांच्या चाव्यालाही पहिली सुई त्याच दिवशी.

आता मी ज्यासाठी हे लिहायला बसलो त्यावर येतो.

रेबीजच्या सुयांचा हिशेब असा असतो: शून्य, तीन, सात, अठ्ठावीस. ज्या दिवशी पहिली सुई तो शून्य दिवस. स्नायूतली पद्धत असली तर मध्ये चौदावा दिवस आणखी. शहरातल्या नोकरदाराला हे जमतं, फोनवर गजर लावतो. तलवाड्याच्या आणि आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरच्या माणसाला अठ्ठाविसावा दिवस कुठं उगवेल हेच ठाऊक नसतं. कारण हा ऊसतोड्यांचा मुलूख आहे. दसरा झाला, दिवाळी आली, की मुकादमाची गाडी दारात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच खर्चलेली, लेकरं सोबत. मग सांगली, कोल्हापूर, सातारा, नाहीतर कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडं. मार्च-एप्रिलपर्यंत परत फिरणं नाही.

ताडपत्रीची कोपी, तिला दार नसतं. आई-बाप पहाटे अंधारात फडावर जातात, लेकरं कोपीत झोपलेली. कारखान्याच्या तळावर उष्ट्या-खरकट्यावर जगणारी कुत्री. ती उपाशी असतात, आपसात भांडतात, लेकराच्या हातातली भाकरी ओढतात. चावा बसतो तो हाताला, तोंडाला. लहान लेकराची उंचीच तेवढी असते. आणि तोंडाचा, मानेचा, हाताचा चावा सगळ्यांत वाईट, कारण तिथं नसांचं जाळं दाट आणि मेंदू जवळ. रेबीजचा विषाणू रक्तातून पळत नाही, पायवाटेनं चालणाऱ्या वाटसरूसारखा नसेच्या कडेकडेनं मेंदूकडं जातो. पायाला चावलं तर त्याला महिना-दोन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. गालाला चावलं तर कमी. एवढा वेळ आपल्याला मिळतो आणि त्या वेळात लस काम करते. जगात फार थोडे आजार असे आहेत की, रोग अंगात शिरल्यावर लस देऊन माणूस वाचवता येतो. पॅरिसमध्ये ६ जुलै १८८५ला लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर नावाच्या ९ वर्षांच्या पोराला याच भरवशावर लस टोचली आणि पोरगं जगलं. तेव्हा ते धाडस होतं. आज ते प्राथमिक आरोग्य केंद्रातलं रोजचं काम आहे.

तर लेकराला कुत्रं डसलं. बाप म्हणतो, "आज मोळ्या भरायच्यात, सांजंला बघू." दवाखान्यात जायचं तर दिवस मोडतो. दिवस मोडला की खाडा. खाड्याचे पैसे कापले जातात, पाचशे रुपये, काही मुकादम त्याहून जास्त. कोयता दोघांचा, एक थांबला तर दुसऱ्याचं कामही अडतं. तरी पहिल्या सुईला बहुतेक आई-बाप जातात, मी त्यांच्या बाजूनं हे ठामपणे सांगतो. रक्त निघालेलं डोळ्यांना दिसत असतं. तीन दिवसांनी जखम वाळते. सात दिवसांनी खपली. लेकरू खेळतंय, हसतंय. आणि प्रत्येक सुईला एक खाडा. चौथ्या सुईच्या वेळी टोळी दुसऱ्या शिवारात गेलेली असते, दवाखान्याचा कागद कोपी मोडताना कुठंतरी पडलेला असतो. सुई चुकते. तिला निष्काळजीपणा म्हणणाऱ्यांनी एकदा उचलीचा हिशेब मांडून बघावा.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२२-२३मध्ये १५ राज्यांत घरोघरी पाहणी केली. कुत्रा चावलेल्या पाच जणांतल्या साधारण एकानं एकही सुई घेतलेली नव्हती. ज्यांनी सुरुवात केली त्यांतल्या जवळपास निम्म्यांनी मात्रा पुऱ्या केल्या नव्हत्या. निम्म्यांनी! आणि त्या अभ्यासाचा अंदाज असा की, देशात वर्षाला ५,७२६ माणसं रेबीजनं मरतात. आता सरकारी आकडा बघा. २०२४मध्ये देशभरात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून जास्त घटना नोंदल्या गेल्या, त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात, पावणेपाच लाखांच्या वर. आणि संशयित रेबीजचे मृत्यू किती? ५४. अख्ख्या देशात ५४.

हजारोंचे ५४ कसे होतात? पेशंट दवाखान्यात येतो तेव्हा पाणी बघून त्याचा गळा आवळत असतो, वाऱ्याच्या झुळकीनं तो दचकत असतो. डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात, आता हातात काही नाही. नातेवाईक त्याला घरी नेतात. तो घरी मरतो. मेंदूचा नमुना कुणी घेत नाही, तपासणी होत नाही. काहींना पाण्याची भीती वाटतच नाही, नुसते हातपाय लुळे पडत जातात, त्यांची नोंद दुसऱ्याच आजाराखाली होते. मग कागदावर मृत्यू नाही, म्हणून मागणी नाही, म्हणून साठा नाही. कातडी फाटून रक्त आलेल्या जखमेत लसीसोबत आणखी एक औषध लागतं. जखमेच्या आत आणि भोवती टोचायचं इम्युनोग्लोब्युलिन. लसीचा परिणाम सुरू व्हायला आठवडा-दहा दिवस जातात, तोवर हेच औषध विषाणूला जागेवर थोपवतं. तोंडाला चावलेल्या लेकराला नुसती लस देऊन घरी पाठवणं म्हणजे अर्धा इलाज. हे औषध सगळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मिळत नाही, तालुक्याला, जिल्ह्याला पाठवतात. म्हणजे आणखी एक दिवस, आणखी एक खाडा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं याच कामाचं नवं औषध आपल्याच राज्यात बनवलं. ते पुण्यात बनतं आणि गेवराईच्या लेकराला वेळेवर मिळेलच असं नाही, हे मला सहन होत नाही.

शेजारच्या माजलगाव तालुक्यात लवूळ गावी २०२१च्या डिसेंबरात माकडांनी कुत्र्याची पिलं उचलून नेली, तेव्हा देशोदेशीच्या वाहिन्यांनी बीडचं नाव घेतलं. नागपूरहून वनखात्याची माणसं आली, दोन माकडं पकडून नेली. सूडकथा म्हणून जगानं ती चघळली. त्याच जिल्ह्यातल्या लेकराची चौथी सुई चुकते, त्याची दोन ओळींची बातमीही होत नाही.

आणि दिल्लीतला वाद ऐका. सर्वोच्च न्यायालयानं २०२५च्या ऑगस्टमध्ये भटकी कुत्री उचलायचा आदेश दिला, काही दिवसांत तो बदलला, नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकांच्या आवारातून कुत्री हटवायला सांगितलं. टीव्हीवर कुत्राप्रेमी आणि कुत्राविरोधी एकमेकांवर ओरडले. तलवाड्याच्या माणसाला या दोन्ही बाजूंशी कर्तव्य नाही. त्याच्या गावात निवारागृह नाही आणि होणारही नाही. कुत्री मारूनही रेबीज जात नाही, मोकळ्या जागेत दुसरी येतात. रेबीज जातो तो गावातल्या दहापैकी सात कुत्र्यांना दरवर्षी लस टोचली तर. हे पुस्तकातलं नाही, शेजारच्या गोव्यात झालेलं आहे. २०१३पासून तिथं सरकारनं आणि 'मिशन रेबीज' या संस्थेनं गावोगाव जाळी घेऊन कुत्री धरली, लस दिली, रंगाची खूण करून सोडली, शाळाशाळांत पोरांना शिकवलं. २०१७नंतर २०१९ संपेपर्यंत तिथं एकही माणूस रेबीजनं मेला नाही. गोवा लहान आहे, पैसेवालं आहे, हे मान्य. पण एका गावची कुत्री मोजायला आणि टोचायला गोव्याएवढे पैसे लागत नाहीत. पशुवैद्यकीय दवाखाना आहे, ग्रामपंचायत आहे, कुत्री धरू शकणारी धीट पोरं प्रत्येक आळीत आहेत. कायद्यानं भटक्या कुत्र्यांची जबाबदारी स्थानिक संस्थेवर आहे आणि ग्रामपंचायत ही स्थानिक संस्थाच आहे. गटारीइतकंच हेही तिचं काम.

वेळही ठरलेली आहे. २८ सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन, तोच जागतिक रेबीज दिन. त्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी फलक लागतो, भाषण होतं. त्याच सुमाराला कधी पुढं, कधी मागं नवरात्र येतं. तलवाड्याला देवीच्या दर्शनाला माणसं लोटतात. आणि त्यानंतर काही आठवड्यांत टोळ्या निघतात. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये गाजला, तेव्हापासून बीडमध्ये ऊसतोड कामगारांची जाण्याआधी आणि आल्यावर आरोग्य तपासणी सुरू झाली. म्हणजे टोळी निघण्याआधी सरकार तिला गाठू शकतं, हे सिद्ध झालेलं आहे. त्याच तपासणीत साबणाचं सांगा. त्याच आठवड्यात गावची कुत्री टोचा. आणि ज्यांच्या सुया अर्ध्यावर आहेत त्यांचा कागद मुकादमाच्या वहीला जोडा, पुढची तारीख मोठ्या अक्षरात लिहून.

सुई ज्या केंद्रात सुरू केली तिथंच पुरी करावी लागते असं काही नाही. तलवाड्यात पहिली, सांगलीत दुसरी, अथणीत चौथी, सगळं चालतं. तारीख चुकली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं नसतं, राहिली तिथून पुढं घ्यायची असते. हे माहीत नसल्यानं किती जण "आता चुकलीच, राहू दे" म्हणून सोडून देतात! आणि तारखा डोक्यात राहत नसतील तर वार धरा. पहिली सुई सोमवारी झाली तर दुसरी गुरुवारी, तिसरी पुढच्या सोमवारी, चौदाव्या दिवसाची सांगितली असेल तर तीही सोमवारीच, आणि अठ्ठाविसाव्या दिवसाची पण सोमवारी. दुसरी सोडली तर बाकीच्या सगळ्या पहिल्याच्या वारी येतात. बाजाराचा वार विसरत नाही तो माणूस हाही विसरणार नाही.

कारखान्यांना आणि मुकादमांना माझी एकच मागणी आहे. कुत्रं चावलेल्या लेकराला सुईला नेलं त्या दिवसाचा खाडा धरू नका. गळिताच्या हंगामात एका कोयत्याचे असे चार, फार तर पाच दिवस होतील. साखर आयुक्तालयानं आणि गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं चालणाऱ्या ऊसतोड कामगार महामंडळानं हा नियम लिहून काढावा आणि प्रत्येक तळावर लावावा. तळापासून जवळचं कोणतं सरकारी केंद्र सुई देतं, तेही त्याच फलकावर लिहावं.

आणि तलवाड्यातल्या, गेवराईतल्या, कुठल्याही तांड्यावरच्या आईबापांनो, नख लागलं तरी साबणानं पंधरा मिनिटं धुवा. तिखट, चुना, हळद काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि विचारा, जखमेत टोचायचं औषध लागेल का? पुढच्या सुईची तारीख लिहून घेतल्याशिवाय तिथून उठू नका.